भारी स्पोर्ट्स कार विकायचीय? धंदा वाढवा, पण गाड्या जपून

समजा उद्या तुम्हाला एखाद्या भारी स्पोर्ट्स कार कंपनीच्या खुर्चीत बसवलं आणि शेअरहोल्डर म्हणाले की धंदा दरवर्षी वाढलाच पाहिजे, पण गाडी मात्र गल्लोगल्ली दिसता कामा नये, तर काय कराल? ऐकायला विचित्र वाटतं, पण जमतं. फक्त कुठला आकडा पळवायचा आणि कुठला दाबून धरायचा हे आधी पक्कं करा.

फेरारीचं बघा. २०२३ मध्ये त्यांनी १३,६६३ गाड्या दिल्या आणि २०२४ मध्ये १३,७५२, म्हणजे अख्ख्या वर्षात वाढल्या फक्त ८९! आणि उत्पन्न गेलं ५.९७ अब्ज युरोवरून ६.६८ अब्जांवर, जवळपास १२ टक्के जास्त. म्हणजे वाढ झाली ती एकेका गाडीमागे मिळणाऱ्या पैशात.

तो पैसा येतो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे महागडी मॉडेल्स जास्त काढायची, त्यात फार बोलण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे गाडी गिऱ्हाइकाच्या आवडीने बनवून द्यायची, आणि खरी मजा इथेच आहे. माणूस येऊन बसतो, समोर लेदरचे तुकडे, शिलाईच्या दोऱ्यांचे रंग, ब्रेक कॅलिपर (चाकातून दिसणारा ब्रेकचा भाग) पिवळा की लाल, डॅशवर कार्बन फायबर हवं का, आणि तो जो आधी "साधीच द्या" म्हणत आलेला असतो तो अर्ध्या तासाने दोन जवळजवळ सारखे निळे रंग उजेडात धरून डोकं खाजवत बसतो. फेरारीत गाड्या आणि स्पेअर पार्टच्या उत्पन्नातला साधारण पाचवा हिस्सा असल्या हौशीतून येतो. एकही गाडी जास्त न बनवता! त्यामुळे तुमचा पहिला खर्च इथे करा, आणि गिऱ्हाइकाशेजारी नजर असलेला माणूस बसवा, कारण सगळं निवडायची मोकळीक दिली की लोक भयंकर गाड्या बनवतात आणि त्या रस्त्यावर तुमचाच लोगो लावून फिरतात. असल्या ऑर्डरला नाही म्हणायचा हक्क हातात ठेवा.

आता लिमिटेड एडिशन. आकडा आधी सांगा आणि मग त्याला चिकटून राहा. फेरारीची १९८७ ची एफ४० सुरुवातीला चारेकशेच काढायची असं होतं, निघाल्या तेराशेच्या वर. तरी ती गाडी टिकली कारण ती गाडीच तशी होती: आत कार्पेट नाही, दार उघडायला हँडलऐवजी एक दोरी ओढायची. तुमची गाडी तशी असेलच याची खात्री धरू नका. नंतर ते शहाणे झाले, एफ५० च्या ३४९, एन्झोच्या ३९९ आणि वर एक पोपसाठी, लाफेरारीच्या कूपे (बंद छताच्या) ४९९ आणि भूकंपग्रस्तांसाठी लिलावात काढलेली एक, आणि आता एफ८० च्या ७९९. लक्षात आलं का, आकडा दर वेळी हळूच वाढतोय 😄 पण वाढतो तो बहुतेक नव्या मॉडेलला, जुन्याला दिलेला शब्द सहसा मोडत नाहीत. हीच युक्ती उचला.

गाडी कोणाला द्यायची हे त्याहून नाजूक. ऑर्डर बुक फुगलं की खूश होऊ नका, त्यात निम्मे लोक विकून पैसे करायला आलेले असू शकतात. जॅग्वार एक्सजे२२० ची गोष्ट आठवा, लोकांनी ५० हजार पाउंड भरून नंबर लावले, मग बारा सिलिंडरच्या व्ही१२ इंजिनाच्या जागी सहा सिलिंडरचं व्ही६ आलं, किंमत वाढली, मंदी आली आणि तेच लोक बाहेर पडायला वकील घेऊन आले. फोर्डने आपल्या जीटी या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या ५०० गाड्यांसाठी अर्जच मागवले, साडेसहा हजार आले, त्यातून माणसं निवडली आणि वर दोन वर्षं विकायची नाही अशी अट. चिडतात लोक, चिडू देत.

एसयूव्ही काढायची का? काढा, पण आधी कुलूप लावून. लॅम्बोर्गिनी २०१७ मध्ये ३,८१५ गाड्या विकत होती, त्यांची उरुस ही एसयूव्ही आल्यावर २०१९ मध्ये ८,२०५. पैसा आला हे खरं, पण निम्म्याहून जास्त गाड्या उरुसच, मग कंपनी नक्की कशाची म्हणायची? फेरारीने आपल्या तशाच उंच गाडीला, पुरोसांग्वेला, एकूण गाड्यांच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली, मला तेच पटतं. आणि उलटं टोक बघायचं तर मासेराती, स्वस्तातली सेडान आणि मग एसयूव्ही आणून २०१७ ला वर्षाला ५१ हजार गाड्यांवर गेले आणि २०२४ ला ११,३०० वर आले. कारणं बरीच असतील, पण जास्त खपवायच्या नादात जी गाडी दुर्मीळ राहत नाही तिचं नाव परत वर आणायला लय वेळ लागतो.

मी त्या खुर्चीत असतो तर दर सोमवारी एकच कागद मागवला असता: आपली एक वर्ष जुनी, साधीच, लिमिटेड नसलेली गाडी सेकंडहँड बाजारात कितीला जातेय. नव्याच्या किमतीच्या आसपास असेल तर पुढच्या वर्षी थोड्या जास्त बनवा. घसरायला लागली तर डिस्काउंटला हात न लावता कारखान्यातली लाइन हळू करा. फेरारीने २०१३ मध्ये मुद्दाम हेच केलं, ७,३१८ गाड्यांवरून ६,९२२ वर आले आणि उत्पन्न तरीही वाढलं. अर्थात तेव्हाचे चेअरमन मोंटेझेमोलो, ज्यांनी हे केलं, ते पुढच्याच वर्षी पायउतार झाले आणि २०१९ ला कंपनीने दहा हजारांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे मर्यादा ही काही दगडावरची रेघ नाही.

आणि डीलरला एवढं शिकवा, की वेटिंग किती आहे ते खरं सांगायचं. अठरा महिने असतील तर अठराच, वर्ष सांगून गिऱ्हाइकाला दर महिन्याला फोन करायला लावू नका.