माती प्रिंट करायचीय? आधी एक पट्टी भाजून बघा

सिरॅमिकमध्ये यायचंय, चाकावर हात बसत नाही पण कॅड बऱ्यापैकी येतं, अशा मुलामुलींसाठी लिहितोय. मी मूळचा पेणचा, गणपतीच्या कारखान्यातले साचे बघतच मोठा झालो, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि मग एका स्टुडिओत मातीचा थ्रीडी प्रिंटर चालवायला लागलो. वाटलं, प्लास्टिकचा प्रिंटर येतो म्हणजे हाही येईल.

तसं नाहीये. प्लास्टिक नोझलमधून बाहेर पडलं की थिजतं, माती ओलीच राहते, त्यामुळे वरच्या थरांचं वजन खालच्यांवर येत जातं आणि भांडं बघता बघता कंबरेत बसतं. माती घट्ट ठेवली तर मशीन ढकलत नाही, सैल केली तर हे असं होतं. टूथपेस्टपेक्षा किंचित घट्ट, हा अंदाज बोटांनाच यावा लागतो. प्रिंटरचा मातीचा सिलिंडर भरताना हवा राहिली की मध्येच फट् असा आवाज येतो आणि भिंतीला भोक पडतं, म्हणून मी अजूनही माती आधी हाताने नीट मळतो, मगच भरतो. आणि दाब सोडला तरी माती थोडी येतच राहते, धागा पटकन तुटत नाही, म्हणून सुरुवातीला नोझल सलग गोल गोल वर चढेल असंच डिझाइन करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आकसणं. माझ्या पहिल्या ऑर्डरमध्ये बरणीचं तोंड भाजल्यावर बरोबर 100 मिमी हवं होतं, लाकडी झाकण आधीच तयार होतं. माती 12 टक्के आकसते हे माहीत होतं म्हणून मी मॉडेल 112 टक्के केलं. भट्टीतून बरणी निघाली 98.5 मिमीची! आकसणं मोजतात ओल्या मापावर, त्यामुळे 100 ला 0.88 ने भागायचं, म्हणजे 113.6. त्या दिवशी सहा बरण्या वाया गेल्या आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ओल्या पट्टीवर 100 मिमीची रेघ मारून, वाळवून, भाजून, मोजूनच फाइल बनवतो.

हेच गणित दातांच्या लॅबमध्येही चालतं. झिरकोनियाची, म्हणजे एका कठीण पांढऱ्या सिरॅमिकची, दातावरची कॅप अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ चकतीतून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर कोरतात, पूर्ण भाजताना ती साधारण 20 टक्के आकसते, म्हणून मुद्दाम मोठी कोरतात आणि चकतीवर तो गुणक छापलेला असतो. नोकरीच बघत असाल तर ही वाट जरूर बघा, स्टुडिओपेक्षा पगार नियमित असतो असा माझा अनुभव. कपबशीच्या कामात तर प्रिंटरपेक्षा सीएनसीवर मूळ नमुना कोरून त्याचा प्लास्टरचा साचा काढणं आणि त्यात स्लिप, म्हणजे पातळ केलेली माती, ओतणंच परवडतं, एका साच्यातून कितीतरी नग निघतात.

शिकायला अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, इंजिनिअरिंगसाठी बनारसची आयआयटी आणि राउरकेलाची एनआयटी. पण अ‍ॅडमिशनची वाट बघत बसू नका, जवळच्या कुंभाराकडे महिनाभर माती मळा.

वाळवताना घाई नको, प्लास्टिकखाली हळू वाळू द्या, कोकणात पावसाळ्यात तर आठवडाही कमी पडतो. भट्टीत 573 अंशाच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं, तिथून चढताना आणि उतरतानाही तापमान सावकाश न्या, माझे बरेच तडे तिथलेच होते. नवीन पोतं उघडलं की पहिली पट्टीच करायची, तिच्यावर पोत्याची तारीख आणि भट्टीचं तापमान खिळ्याने कोरायचं, माझ्याकडे अशा पट्ट्यांचा आख्खा डबा भरलाय.