आपल्या खासदाराने मत कुठे टाकलं, कसं शोधायचं आणि त्यावरून काय समजायचं

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअपवर सुरू होतं, आपले लाडके खासदार इतके टक्के हजर, इतके प्रश्न विचारले, खाली हात जोडलेला फोटो. पण हजेरी म्हणजे मत नाही ना. सभागृहात विधेयकाच्या बाजूने मत दिलं की विरोधात, हे शोधायला थोडं खणावं लागतं, आणि सापडलं तरी ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर सगळेच खासदार पक्षाचे एकनिष्ठ सैनिक दिसतील.

आधी आपला खासदार कोण ते नक्की करा, हसू नका, मुंबईत सहा मतदारसंघ आहेत आणि गोंधळ भरपूर. पार्ले उत्तर-मध्यमध्ये म्हणजे वर्षा गायकवाड, आणि पुढचं स्टेशन अंधेरी, ते उत्तर-पश्चिम, म्हणजे रवींद्र वायकर (तेच, जे २०२४ ला ४८ मतांनी आले). वरळी दक्षिणेत अरविंद सावंतांकडे, दादर दक्षिण-मध्यमध्ये अनिल देसाईंकडे, मुलुंड-घाटकोपरवाल्यांना संजय दिना पाटील आणि बोरिवली-कांदिवलीला पीयूष गोयल.

आता शोधायचं कुठे. पीआरएस या संसदेच्या कामाची माहिती देणाऱ्या संस्थेची वेबसाइट बहुतेकांना माहीत असते, तिथे हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली) विधेयकं सगळं नीट मिळतं. पण मंत्र्यांना हजेरीच्या रजिस्टरवर सही करावी लागत नाही आणि ते प्रश्नही विचारत नाहीत, उत्तरं देतात, त्यामुळे गोयलांच्या नावापुढे रकाना रिकामा दिसला म्हणून लगेच मीम बनवू नका. मतासाठी मात्र डिजिटल संसद या संसदेच्याच अधिकृत साइटवर जायचं, लोकसभेच्या चर्चांमध्ये त्या तारखेचं पूर्ण कामकाज उघडायचं आणि पीडीएफमध्ये 'डिव्हिजन' हा शब्द इंग्रजीत सर्च करायचा. मतविभागणी (म्हणजे डिव्हिजन, नोंद ठेवून मोजलेलं मतदान) झाली असेल तर बाजूने कोण, विरोधात कोण, तटस्थ कोण अशा नावांच्या याद्या मिळतात. नावं बहुतेक आडनाव आधी अशी असतात, तेव्हा पाटील टाकून शोधलंत तर अख्खा महाराष्ट्र निघेल, पूर्ण नाव बघा. तळटीपही सोडू नका, काही जणांचं बटण लागत नाही मग ते चिठ्ठीवर मत देतात आणि ती नावं तिथे असतात. सरावाला वक्फ दुरुस्ती विधेयक घ्या, २ एप्रिल २०२५ ची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ३ तारखेला, लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ असं पास झालं. आपल्या सहापैकी दोघं सत्ताधारी बाजूचे, चौघं विरोधातले, एकेकाचं नाव शोधून बघा. फक्त कामकाज मध्यरात्र उलटून चाललं तरी ते आदल्या दिवसाच्या तारखेखालीच असतं, म्हणून २ एप्रिल उघडायचं.

खरी गोची पुढे आहे. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, अध्यक्ष विचारतात बाजूने कोण, विरोधात कोण, दोन्हीकडून आरडाओरडा, संपलं, नावानिशी काहीच नोंद नाही. २०२० ला शेती विधेयकं राज्यसभेत अशीच झाली, विरोधक मतविभागणी मागत होते तरी. २०२३ चा अविश्वास प्रस्तावसुद्धा आवाजी मतदानानेच फेटाळला गेला. म्हणून हमखास नोंद हवी असेल तर घटनादुरुस्ती विधेयकं बघा, तिथे विशेष बहुमत लागतं, त्यामुळे मोजणी करावीच लागते. महिला आरक्षणाला २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ बाजूने आणि फक्त २ विरोधात, त्या दोघांत एक आपल्या संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील.

बरं, यादी मिळाली, खासदाराने पक्षाच्या लाइनवर मत दिलंय, मग तो निष्ठावंत झाला का? अजिबात नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं, किंवा व्हिप असताना मतच दिलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते, पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर वाचतो. तुमच्या ऑफिसात बॉस म्हणाला शनिवारी या नाहीतर नोकरी गेली आणि तुम्ही गेलात, तर त्याला कोणी कंपनीवरचं प्रेम म्हणणार नाही, तसंच हे. शंभर टक्के पक्षाबरोबर हा आकडा खासदाराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, तो कायद्याबद्दल सांगतो.

मग बघायचं काय, तर गैरहजेरी. डिसेंबर २०२४ मध्ये एक देश एक निवडणूक विधेयक मांडताना भाजपचा तीन ओळींचा व्हिप होता, म्हणजे सगळ्यात कडक, तरी पक्षाचे २० च्या आसपास खासदार गैरहजर असल्याच्या बातम्या आल्या, २६९ विरुद्ध १९८ ने मांडलं गेलं आणि खासदारकी कोणाचीच गेली नाही. कोणी आजारी, कोणी कार्यक्रमाला, असेलही, पण एकच माणूस मोक्याच्या वेळी पुन्हा पुन्हा गायब असेल तर मला ते भाषणापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

दुसरं, पक्ष स्वतःच फिरला का ते तपासा. डिसेंबर २०१९ ला सीएए म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या वेळी शिवसेनेने लोकसभेत बाजूने मतं दिली आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानातून बाहेर पडली, महाविकास आघाडीचं सरकार नुकतं आलं होतं. तिथे खासदाराला निष्ठेचे मार्क द्यायचे तर कुठल्या दिवसाच्या पक्षाला?

पक्ष फुटला तर अजून मजा. २०२२ मध्ये सेनेच्या लोकसभेतल्या १९ पैकी १२ खासदार शिंदेंबरोबर गेले, दक्षिण-मध्यचे राहुल शेवाळे गटनेते झाले, आणि जुन्या याद्यांत बघाल तर पक्ष तोच लिहिलेला. व्हिप नेमका कोणाचा चालणार यावर सुप्रीम कोर्टाने मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद (व्हिप काढणारा) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. म्हणून २०२२ नंतरचा कुठलाही निष्ठेचा टक्का दिसला की आधी विचारा, पक्ष कुठला धरलाय.

राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणुकीत व्हिप चालत नाही, पण मत गुप्त, त्यामुळे तिथे फुटाफुटीच्या फक्त चर्चा ऐकायच्या. त्यापेक्षा संसदीय समित्यांचे अहवाल काढा, तिथे असहमतीची टिपणं नावानिशी छापलेली असतात, वक्फच्या संयुक्त समितीत अरविंद सावंतांनी दिलेलं आहे. कंटाळवाणं वाचन आहे, मान्य, पण माणूस स्वतः काय म्हणतोय ते तिथे मिळतं. आणि खासदाराला मेल करणार असाल तर तुमचं या विधेयकावर मत काय असं विचारू नका, पक्षाचं पत्रक परत येईल. मतविभागणीची तारीख टाका आणि विचारा, यादीत तुमचं नाव दिसलं नाही, कुठे होता?