एक जूनच्या आत: हैतीसाठी मदतीची तयारी

अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. म्हणून ही यादी मेअखेर पक्की झालेली हवी, वादळाला नाव मिळायच्या आधी. मोजमापाला मी मॅथ्यू वादळ धरलंय. ४ ऑक्टोबर २०१६ च्या सकाळी सातच्या सुमारास, ताशी सुमारे २४० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी ते हैतीच्या नैऋत्य टोकावर आदळलं. पाचशेच्या वर माणसं गेली, चौदा लाख लोक मदतीवर आले. तेवढंच पुन्हा येईल असं समजून, हजार वस्तीचं म्हणजे साधारण दोनशे घरांचं एक गाव डोळ्यांसमोर ठेवलंय. गावं वाढली की आकडे गुणायचे.

पहिलं पाणी. धुणं, अंघोळ, स्वयंपाक, पिणं सगळं मिळून माणशी रोज १५ लिटर हा मदतकार्यातला किमान हिशेब. पण लोकांना पाठवावीशी वाटते ती बाटली. ती का नको, ते गणितच सांगतं. पिण्या-रांधण्यापुरतं घरटी २० लिटर धरलं तरी दोनशे घरांना महिन्याला एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे १२० टन वजन लागतं. तेच पाणी शुद्ध करायला ६७ मिलिग्रॅमच्या क्लोरीनच्या सहा हजार गोळ्या पुरतात, त्या एका पाठपिशवीत मावतात. वीस लिटरला एक गोळी, अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळायचं आणि दोन गोळ्या टाकायच्या. पुराचं पाणी गढूळच असणार, म्हणून बारा हजार घ्या. सोबत घरटी झाकणाचे दोन कॅन, एक आणायला, एक साठवायला. झाकण नसेल तर तो कॅन घेऊ नका. उघड्या भांड्यात हात बुडतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

पाण्यावर मी इतका अडून बसतो त्याचं कारण पटकी, म्हणजे कॉलरा. जवळजवळ शंभर वर्षं हैतीत कॉलरा नव्हता. तो ऑक्टोबर २०१० मध्ये आला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी मिरबालेजवळच्या ओढ्यातून आर्तिबोनीत नदीत उतरलं तेव्हा. त्या साथीत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला आलेल्यांच्याच हातून हे घडलं. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली. तेव्हा यादीत माणसांचीही एक ओळ हवी: जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी झाली का, आणि आपल्या मुक्कामाचा संडास कुठे रिकामा होणार आहे? याचं उत्तर लेखी नसेल तर तुकडी निघायची नाही.

पटकीवर मुख्य औषध जलसंजीवनी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं. बहुतेक रुग्ण तेवढ्यावर उठतात. पाकिटं भरपूर घ्या, आणि ती संपल्यावर काय करायचं तेही चित्रातून दाखवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मोजायला तोच छोटा चमचा सोबत द्या. गळून गेलेल्या रुग्णाला मात्र आरएलच (रिंगर लॅक्टेट, शिरेतून द्यायचं सलाईन) लागतं, किलोमागे १०० मिलिलिटर, मोठ्या माणसाला पाच-सहा लिटर तीन तासांत. बाटल्या नेल्या आणि आयव्ही सेट, सुया मागे राहिल्या असं होऊ देऊ नका. तिन्ही एकाच खोक्यात भरा.

सूचनांचे कागद क्रिओलमध्ये हवेत. सरकारी कामात फ्रेंच असते म्हणून फ्रेंचमध्ये छापून चालणार नाही, घराघरात बोलतात ती क्रिओल. पाण्याला तिथे ‘द्लो’ म्हणतात, निदान हा शब्द तरी आपल्या प्रत्येकाला यावा.

आता छप्पर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आम्ही श्रीवर्धनजवळच्या एका वाडीत ताडपत्र्या घेऊन पोचलो. दोरी नेलीच नव्हती. एका आजींनी न बोलता जुनं नऊवारी काढलं, दातांनी कड धरून लांब चिरफाळ्या काढल्या, पीळ दिला आणि वाशाला बांधल्या. संध्याकाळच्या सरीत त्या भिजून ताणल्या आणि ताडपत्री एका बाजूने फडफडायला लागली. त्या रात्री तिथे कुणी झोपलं नाही. तेव्हापासून माझ्या यादीत ताडपत्री हा शब्द एकटा येत नाही. घरटी ४ बाय ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, तीस मीटर नायलॉन दोरी, बांधायची तार, रबरी वॉशरचे छपराचे खिळे, हातोडी, करवत. दर दहा घरांमागे एक चेनसॉ, जादा साखळी आणि तेलासकट, कारण रस्ते आडव्या झाडांनीच बंद होतात.

रस्त्याचं वेगळं लिहून ठेवा. राजधानीतून दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग क्रमांक २ पेती-ग्वावला ला डिग नदी ओलांडतो. मॅथ्यूत तिथला पूल वाहून गेला आणि दक्षिणेचं अख्खं द्वीपकल्प तुटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळाच्या पावसात त्याच नदीने त्याच गावात वीसहून अधिक जीव घेतले. त्यात २०२१ पासून राजधानीच्या वेशीवर मार्तिसाँमध्ये टोळ्यांनी वाट अडवलेली. म्हणजे वादळानंतर ट्रक जाईल हे गृहीतच धरायचं नाही. सामान आधीच द्वीपकल्पावरच्या ले काय आणि जेरेमी या शहरांत, उंचावरच्या पक्क्या इमारतीत ठेवलेलं असावं, किल्ली स्थानिक माणसाकडे, आणि दुसरी किल्ली वेगळ्या गावात. समुद्रमार्गे जायची वेळ आली तर कोणाची होडी, किती भाडं, हे मेमध्येच ठरवून ठेवा.

जुने कपडे नकोत. मुदत संपत आलेली औषधं नकोत, दूध पावडर नको: घाण पाण्यात कालवलेली बाटली तान्ह्या बाळाच्या जिवावर उठते.

तांदळाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. १९९५ मध्ये हैतीला तांदळावरचा आयातकर ३ टक्क्यांवर आणायला लावलं, आणि अमेरिकेच्या स्वस्त तांदळाखाली आर्तिबोनीतचा शेतकरी झोपला. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये याची जाहीर कबुली दिली. फुकट तांदूळ पहिले दोन-तीन आठवडे द्या, भूक थांबत नाही. पण गावचा बाजार पुन्हा भरला की रोख रक्कम द्या. तिथला माल डोंगरातून बाजारात आणतात त्या बायकांना ‘मादान सारा’ म्हणतात. बाजार उठला आहे की नाही हे त्या आपल्या कुठल्याही पाहणीआधी सांगतील. अशा दोघींशी तरी आधीच ओळख असू द्या, पैसे कसे पोचवायचे ते त्यांच्याशीच बोला.

उरलं ते शेत. दक्षिणेकडे वाळा पिकतो, जगातल्या अत्तरांना लागणाऱ्या वाळ्याच्या तेलाचा मोठा वाटा तिथलाच. पण घर चालतं ते घेवडा, केळी आणि नीरफणसावर. हो, आपल्या कोकणातला तोच नीरफणस. द्वीपकल्पाच्या ग्रांदांस प्रांतात मॅथ्यूने तो मुळासकट उपटला. घेवड्याचं बी हिवाळी पेरणीच्या आत, तिथल्याच जातीचं, मोजून घरटी पोचवा. नीरफणसाला बी नसतं, मुळाच्या फुटव्यावरून रोप करावं लागतं आणि फळाला तीन ते पाच वर्षं लागतात. म्हणून खर्चाच्या वहीत या ओळीसमोर एका महिन्याची नाही, पाच वर्षांची रक्कम लिहा, आणि फुटवे कोणाच्या वाडीतून घ्यायचे त्या माळ्याचं नाव शेजारी.