चुंबक चिकटला म्हणजे स्टील डुप्लिकेट? या चुका टाळा

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलं की भांड्यांच्या स्टॉलवर एखाद्या मावशी चुंबक काढून डब्याला लावतातच, आणि चिकटला की "डुप्लिकेट हाय ओ हे" म्हणून पुढं चालल्या. सगळ्यात मोठी चूक हीच. अहो, स्टेनलेस स्टीलमध्ये अर्ध्याहून जास्त लोखंडच असतं, त्यामुळं चिकटला यात नवल नाही, काही स्टीलला चिकटत का नाही हे विचारा.

होतं काय, प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीक चुंबकच, पण तांब्यासारख्या धातूत ते जोडीजोडीनं उलटसुलट बसतात आणि एकमेकांचा जोर मारतात. लोखंड, निकेल, कोबाल्टमध्ये काही बिनजोडीचे राहतात, पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही, शेजारच्या अणूंनीही त्याच दिशेला तोंड करायला पाहिजे आणि ते अणूंच्या मांडणीवर ठरतं. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. आता निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारं, लोखंड तर आहेच, तरी दोघं एकत्र आल्यावर लोखंडाची मांडणीच बदलते आणि चुंबक लागत नाही! ४३० मध्ये निकेल जवळपास नसतंच, मांडणी साध्या लोखंडासारखी राहते, म्हणून चिकटतो. तेही अस्सल स्टेनलेसच, फक्त मीठ-चिंचेपुढं ३०४ इतकं टिकत नाही.

आता उलटी चूक. चिकटला नाही म्हणून ३०४ समजून जादा पैसे मोजायचे. २०० सिरीजच्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्यालाही चुंबक लागत नाही. तेव्हा ग्रेडचा शिक्का बघा आणि बिलावर नंबर लिहून घ्या, दुकानदार कुरकुरला तर समजून जा.

सिंकच्या कोपऱ्यात चुंबक हलकासा ओढला गेला म्हणून भांडायला जाऊ नका. पत्रा दाबून वाकवला की त्या जागी ३०४ ची मांडणी थोडी बदलते. मधल्या सपाट भागावर लावून बघा.

इंडक्शन बीप बीप करून बंद पडतंय? भांडं घेताना चुंबक बाजूला लावून बघितला असणार. बुडाला लावायचा, आणि घट्ट बसला पाहिजे, नुसता रेंगाळला तर उपयोग नाही. तांब्या-पितळेची, साध्या ॲल्युमिनियमची भांडी घरच्या इंडक्शनवर तापत नाहीत.

आणि सोन्याला चुंबक लावणारे तर वेगळेच, चिकटला नाही म्हणजे खरं म्हणे! पितळ, तांबं, चांदी, शिसं कशालाच चिकटत नाही की. उलट खऱ्या चेनच्या कडीत स्टीलची बारीक स्प्रिंग असली तर तेवढी ओढली जाते आणि घरात उगाच रडारड. हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.