अरब कंपनीत टीम सांभाळायचीय? मग आधी साहेब काय मानतो ते बघा

रियाध, दोहा, मस्कत कुठूनही मॅनेजरची ऑफर आली की आपण पगार विचारतो, व्हिसा विचारतो, घरभाडं विचारतो, पण वरचा साहेब माणूस म्हणून कशाला मानतो हे कोणी विचारत नाही, आणि नंतर अडकतो तिथेच. आखातातल्या बऱ्याच खाजगी कंपन्या घराण्याच्या असतात. नियमावली असते, एचआर असतं, पण अडलेली फाईल हलते ती साहेबाच्या शब्दावर.

एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे "अरब लोक असेच असतात". अरब लीगमध्ये 22 देश आहेत. देशोदेशीच्या कामाच्या संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या हॉफस्टेड या डच संशोधकाच्या जुन्या अभ्यासात इजिप्त, इराक, लेबनॉन, कुवेत, सौदी वगैरे सात देशांना मिळून सत्तेतल्या अंतराचा (वरचा-खालचा हा फरक लोक किती मान्य करतात त्याचा) एकच आकडा दिला होता, 80, आणि तोच आकडा ट्रेनिंगच्या स्लाइडवर अजून फिरतोय. कैरोतलं सरकारी ऑफिस आणि दुबईतली टेक कंपनी एकाच फुटपट्टीने मोजणार का? त्यामुळे देश वाचू नका, समोरचा माणूस वाचा.

पहिले दोन महिने नुसतं ऐका, साहेब कुठला शब्द परत परत वापरतो ते. आपल्याला निम्मे शब्द तर ओळखीचेच आहेत. अमाना म्हणजे आपली अमानत. हुद्दा ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे असं मनापासून मानणारा साहेब असेल तर तो माणसाच्या घरच्या अडचणीत नियम बाजूला ठेवून मदत करेल, पण लपवाछपवी केलेली त्याला अजिबात चालणार नाही, कारण अमानाच्या उलट शब्द आहे खियाना, म्हणजे विश्वासघात. तेव्हा प्रोजेक्ट लेट होतोय हे तुम्ही स्वतः, लवकर आणि एकट्यात जाऊन सांगा. चारचौघात सांगितलंत तर त्याची इज्जत गेली आणि तुमचं कामही.

मग शूरा, म्हणजे सल्लामसलत. कुराणातल्या 42व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच अश-शूरा आहे, त्यामुळे ही काही मॅनेजमेंटच्या कोर्समधून आलेली फॅशन नाही. पण सल्ला सगळ्यांचा घेतात आणि निर्णय मोठा घेतो, हे लक्षात ठेवा. म्हणून खरं काम मीटिंगच्या आधी होतं. एकेकाकडे जाऊन बसा, कहवा म्हणजे अरबी कॉफी घ्या (आणखी नको असेल तर कप हलवून परत द्या, नाहीतर भरतच राहतात), त्याचं मत काढा. कुवेतमध्ये तर संध्याकाळच्या दिवानियात, आपला दिवाणखाना आठवा, बऱ्याच गोष्टी ठरून जातात. तुम्ही स्वतः टीमचे प्रमुख असाल तर ज्युनिअरना एकट्यात विचारा, सीनिअरसमोर ते बोलणार नाहीत, आणि मग निर्णय तुम्हीच जाहीर करा. "तुम्हीच ठरवा" म्हणालात की काहींना वाटतं याला काही येत नाही.

आता वस्ता. आपल्या वशिल्याचा भाऊ म्हणा, शब्दाचं मूळ मात्र वेगळं, "मध्य" या अर्थाचं. पूर्वी दोन टोळ्यांच्या भांडणात मध्ये पडून समेट करणारा तो वस्ता, म्हणजे मुळात इज्जतीचं काम, आता बहुतेक नोकरी लावायला वापरतात. साहेबाच्या मावसभावाच्या मुलाचा सीव्ही तुमच्याकडे येणारच. तोंडावर नाही म्हणू नका आणि डोळे मिटून घेऊही नका. "पाठवा, मी स्वतः भेटतो" म्हणा आणि सगळ्यांना देता तीच टेस्ट द्या. सौदीत 2011 पासून निताकात ही सरकारी योजना आहे, त्यात किती सौदी कर्मचारी त्यावरून कंपनीला रंगाची श्रेणी मिळते, त्यामुळे लोकल उमेदवार तसेही लागतात, मुलगा चांगला निघाला तर तुमचाच फायदा. नापास झाला तर मुलाला मेल टाकण्याआधी ज्याने पाठवला त्याला फोन करा आणि दुसरं काहीतरी सुचवा, ट्रेनिंग, दुसरं डिपार्टमेंट, काहीही. त्याचा शब्द राहतो, तुमचं तत्त्वही राहतं.

रमजानबद्दल थोडक्यात. यूएईत रोजचे दोन तास कमी होतात, सौदीत मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहा तासच. मोठ्या डेडलाईन त्या महिन्यात टाकू नका आणि दुपारी उशिराची मीटिंग तर नकोच.

आणि तुमची मूल्यं साहेबाशी भिडली तर? तेव्हा पॉलिसीचा कागद पुढे करू नका, त्याच्याच मूल्यांच्या भाषेत बोला. मी हे उशिरा शिकलो. एका कंपनीत (नाव राहू दे) साईटवरच्या कामगारांचा पगार "पुढच्या महिन्यात बघू" चाललं होतं. मी दोनदा कायदा सांगितला, पगार बँकेतूनच वेळेवर द्यायची सिस्टीम यूएईत 2009 पासून आहे, दंड होईल वगैरे, साहेब फक्त मान हलवत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्या म्हाताऱ्या अकाउंटंटने आत जाऊन फक्त ती हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, म्हटली, कामगाराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग फोन उचलून बँकेला लावला.