विटांचं साधं घर समोरून देखणं करायचंय? आधी दरजा नीट भरा

विटांचं उघडं घर बघितलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, रंग मारा नाहीतर टाइल्स चिकटवा. दोन्ही करू नका. आमचं घर ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, खालीवर दोन मजले, बाहेरून प्लास्टर नाही, सगळी वीट उघडी. आमचं झालं, मग नेरूळला भावाचं रो हाऊस झालं, मग शेजारच्या काकूंची पुढची भिंत, आणि दरवेळी तेच कळलं की विटांचं घर मळकट दिसतं ते विटांमुळे नाही, विटांमधल्या दरजांमुळे, म्हणजे दोन विटांमधल्या सिमेंट-रेतीचा माल भरलेल्या फटींमुळे. दरजा नीट झाल्या की निम्मं काम तिथेच संपलं.

काम दिवाळीनंतर काढा. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे भिंत चार महिने पाणी पीत असते आणि ऑक्टोबरची उष्णता खाऊन मग कुठे सुकते. मे महिन्यात घाईघाईने मिस्त्री बोलावणारे खूप बघितलेत, उन्हाने माल करपतो आणि वर पाऊस डोक्यावर.

भिंत धुवायला नायलॉनचा ब्रश, पाणी आणि थोडी साबणाची पावडर, बस. तारेचा ब्रश नको, त्याने विटेचं कातडं सोलतं आणि तुटलेल्या तारांचे गंजाचे डाग राहतात. प्रेशरचं पाणी जवळून मारलं तर जुन्या दरजा पोखरल्या जातात. बाथरूमचं ॲसिड तर भिंतीच्या जवळपासही आणू नका. पांढरी बुरशी दिसते ना विटांवर, ती बुरशी नाही, तो लोणा, म्हणजे आतले क्षार बाहेर आलेत. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून फेकायचा. पाण्याने धुतला की विरघळून परत भिंतीत जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच हजर.

पिंपळ उगवला असेल तर मुळासकट काढा, दोन विटा सुट्या कराव्या लागल्या तरी चालेल. नुसता वरून तोडला तर पावसाळ्यात दुप्पट जोमाने येतो.

आता दरजा. इथे मी स्वतः फसले आहे म्हणून सविस्तर सांगते. पहिल्या वेळी मिस्त्री म्हणाला, "ताई, सिमेंट जास्त टाकू, शंभर वर्षं हलणार नाही." एक भाग सिमेंटला तीन भाग रेती असा कडक माल, वरून निव्वळ सिमेंट घोटून गुळगुळीत केलेलं, दिसायला अगदी रेघ मारल्यासारखं. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि त्या दिवाळीत आकाशकंदील लावताना भिंतीला हात टेकला तर विटेचा पापुद्रा हातात आला. दरज तशीच, टणक, आणि तिच्या वरखालच्या विटांचा चेहरा गळून पडलेला. बोट फिरवलं की लाल पीठ.

कारण साधं आहे. भिंतीत शिरलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडणारच. दरज मऊ असली तर ते दरजेतून वाफ होऊन जातं आणि क्षारही तिथेच राहतात, फार तर काही वर्षांनी दरज पुन्हा भरायची. दरज विटेपेक्षा कडक केली की पाण्याला वाट उरते ती विटेतून, मग क्षाराचे खडे विटेच्या पृष्ठभागामागे फुगतात आणि तिचं तोंड ढकलून देतात. दरज बदलता येते, वीट बदलणं फार अवघड. म्हणून दरज नेहमी विटेपेक्षा कमजोर हवी, आणि ह्यावर मिस्त्रीशी भांडावं लागलं तरी भांडा.

माझं प्रमाण ठरलेलं आहे, एक घमेलं सिमेंट, एक घमेलं चुना, सहा घमेली रेती. घमेल्याने मोजायचं, फावड्याने अंदाजे नाही. पिशवीतला चुना आदल्या दिवशी पाण्यात भिजवून लोण्यासारखा करून ठेवा, आणि हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. रेती धुतलेली आणि बारीक चाळलेली हवी. खाडीची अजिबात नको. कळवा-मुंब्र्याकडच्या रेतीबंदराचं नावच सांगतं आपल्याकडे खाडीतून किती रेती उपसली गेली ते, आणि त्या रेतीबरोबर मीठ भिंतीत येतं, म्हणजे लोणा आपणच पैसे देऊन विकत आणायचा. काचेच्या बाटलीत मूठभर रेती आणि पाणी हलवून ठेवा, वर मातीचा जाड थर बसला तर ती रेती परत पाठवा.

जुनी दरज खोदायची छन्नी-हातोडीने, पंधरा ते वीस मिलीमीटर खोल. मिस्त्री ग्राइंडर काढेल, म्हणेल एका दिवसात उरकतो. नाही म्हणा. आडव्या दरजेत निदान सरळ जातो पण उभ्या दरजेत चकती वरच्या आणि खालच्या विटेत घुसतेच, आणि ती कापलेली खाच मग जन्मभर दिसते. भावाच्या घरी मी दोन तास बाजारात गेले होते तेवढ्यात दाराशेजारी अशा अकरा खाचा पडल्या, आजही दार उघडताना माझं लक्ष आधी तिथेच जातं. खोदून झालं की धूळ ब्रशने काढा, धुळीवर माल बसत नाही.

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी परत एकदा, पण भरताना वर पाणी चमकत नको, नुसती ओल हवी. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि दरज भुगा होते. माल घट्टसर ठेवा, थापीवर घेऊन थापी उलटी धरली तरी पडायला नको. दरजेच्या रुंदीची पट्टी घेऊन आत दाबून दाबून भरायचा, खोल असेल तर दोन थरांत, आणि दीड-दोन तासांत कालवलेला सगळा संपवायचा, पाणी घालून परत कालवायचा नाही. सावलीत काम करा, पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर.

घोटा, म्हणजे भरलेली दरज दाबून गुळगुळीत करणं, कधी मारायचा हा खरा कसबाचा भाग. अंगठा दाबून बघा, ठसा उमटला पण बोटाला माल लागला नाही, तीच वेळ. लवकर केलं तर पांढरा राडा सगळ्या विटांवर पसरतो आणि तो निघता निघत नाही, उशीर केला तर दरज खरवडली जाते. बारा एमएमची सळई घासून गुळगुळीत करा आणि तिने दरज किंचित आत दाबा, म्हणजे विटेची कड सुटी दिसते, तिच्याखाली बारीक सावली पडते आणि भिंतीला उठाव येतो. मग गोणपाट ओले करून सात दिवस झाकून ठेवा. मिस्त्री दोन दिवसांनी येणं बंद करतो, हे भिजवणं आपणच करायचं.

पूर्ण भिंतीच्या आधी मागच्या बाजूला हातभर तुकडा करून आठवडाभर सुकू द्या, ओल्या मालाचा रंग आणि सुकलेल्याचा रंग वेगळा असतो. चुन्यामुळे दरज फिकट, उबदार दिसते आणि शेजारची वीट आपोआप लाल वाटते, रंगाचा डबा न उघडता.

महिनाभराने, भिंत पूर्ण कोरडी झाल्यावर, सिलेन-सिलॉक्सेनवालं पारदर्शक वॉटर रिपेलंट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारं द्रावण, मारा. चकचकीत वॉर्निश नको, त्याने भिंतीचा श्वास कोंडतो. लोणा अजून येत असेल तर थांबा, आधी ओल कुठून येते ते शोधा.

बाकीचं सोपं. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच पाडून घ्या, पाणी भिंतीवर ओघळत नाही, खालीच ठिबकतं. गेटचा गंज घासून रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर गडद हिरवा नाहीतर काळा रंग. खिडक्यांचे ग्रिलही त्याच रंगाचे. दारावरचा दिवा पिवळसर, 2700 ते 3000 केल्विनचा, पांढऱ्या दिव्यात वीट मेलेली दिसते. वेल हवा तर मधुमालती, पण भिंतीपासून वीतभर पुढे तारेवर चढवा, भिंतीला मुळं रोवणारा वेल नको. दाराशी एका बाजूला अनंत, दुसऱ्या बाजूला तगर, कुंड्या मातीच्याच.

आणि जूनमध्ये पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन रस्त्यावर उभं राहा, समोरून भिंत बघा. जिथली वीट बाकीच्यांपेक्षा गडद होतेय तिचा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दिवाळीनंतर तेवढीच दरज परत भरायची.