कोचीला खिसा सांभाळून जायचंय? मग बोटीनेच फिरा

कोची महाग आहे असं सांगणारे बहुतेक लोक तिथे पॅकेज टूरमध्ये एक दिवस उतरलेले असतात, टॅक्सीतून चार ठिकाणं बघायची आणि दुसऱ्या दिवशी मुन्नार. मी आईला घेऊन सप्टेंबरात चार दिवस राहून आलो आणि खरं सांगू का, आमचा सगळ्यात मोठा खर्च रेल्वेच्या तिकिटाचा झाला.

जायचं कसं तर मुंबईहून नेत्रावती आहे, कोकण रेल्वेने साधारण एक दिवस-एक रात्र धरा, पुणेकरांना पूर्णा एक्स्प्रेस आहे पण ती रोज नसते. स्लीपरचं रिझर्व्हेशन खिडकी उघडली की लगेच करा, नंतर वेटिंगच मिळतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, त्यामुळे नेटवर जुनं बघून स्टेशनवर जाऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट. स्टेशन, मेट्रो, मॉल हे सगळं एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या नव्या शहरी भागात, आणि आपल्याला बघायचं ते फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, मध्ये खाडी. बाहेर आलात की रिक्षावाले, टॅक्सीवाले घेरतात, पुलावरून नेतात, ट्रॅफिकमध्ये तास जातो आणि पैसे वेगळे. त्यापेक्षा एर्नाकुलम बोट जेट्टीला या, सरकारी बोटीचं तिकीट काढा, दहा रुपयांच्या आत आणि वीसेक मिनिटांत फोर्ट कोची. ऑफिसला जाणारी माणसं, मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं सगळी त्यात. बोट बंदरातून, विलिंग्डन बेटाच्या कडेने जाते, क्रेन दिसतात, मोठी जहाजं दिसतात, नशीब असेल तर डॉल्फिनची पाठ दिसते. याच पाण्यावर सनसेट क्रूझ म्हणून माणशी शेकडो रुपये घेतात, तर संध्याकाळी साडेपाचची साधी बोट पकडायची आणि उजव्या-डाव्या खिडकीचं भांडण करायचं, झालं तुमचं क्रूझ. २०२३ पासून वॉटर मेट्रोही आहे, एसी, बॅटरीवर चालणारी, हायकोर्ट टर्मिनलवरून फोर्ट कोचीला आम्हाला ४० रुपये पडले. एकदा बसा मजेसाठी, रोज नको.

राहायचं मात्र फोर्ट कोचीलाच. होमस्टे गल्लोगल्ली आहेत, जून ते सप्टेंबर भाव पडलेले असतात, त्यात जागेवर जाऊन खोली बघून घासाघीस केली तर अजून कमी होतात. एसी नको, पंखा चालेल म्हणा, लगेच फरक पडतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, कार्निव्हल असतो, एकतीस तारखेला रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात, बघण्यासारखं आहे पण खोल्यांचे भाव विचारू नका.

वार बघून जा हे कुणी सांगत नाही. शुक्रवारी मट्टनचेरी पॅलेस बंद, शनिवारी सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ बंद, रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, म्हणजे वीकेंडला गेलात तर निम्मं गाव बाहेरूनच बघाल. सोमवार ते गुरुवार बेस्ट. शनिवारचं तर आपल्याला कळायला हवं, अलिबागकडच्या बेने इस्रायल ज्यूंना शनवार तेली म्हणायचे ते याचसाठी, शनिवारी तेलाचा घाणा बंद! इथलं परदेसी सिनेगॉग १५६८ चं. आत गेल्यावर वर झुंबरं बघत बसू नका, आधी खाली बघा, निळ्या-पांढऱ्या हाताने रंगवलेल्या चिनी फरशा आहेत, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. तिकीट किरकोळ. गुडघ्यावरची चड्डी, स्लीव्हलेस चालत नाही.

पॅलेसचं तिकीट तर चहापेक्षा स्वस्त होतं. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, साधारण १५५५ च्या सुमारास, डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, तिथे घाई करू नका, आमचा पाऊण तास गेला.

सेंट फ्रान्सिस चर्च फुकट. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला इथेच पुरला होता, पुढे काही वर्षांनी अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसती फरशी आणि भोवती कठडा. छताला दोरीने ओढायचे कापडी पंखे अजून लटकतायत.

चिनी जाळी किनाऱ्यावरच, बघायला पैसे नाहीत. पहाटे जा. लाकडाचा मोठा सांगाडा, दोऱ्यांना मोठमोठे दगड टांगलेले, चार-पाच जण दोर ओढतात की जाळं पाण्यातून हळूहळू वर येतं, आणि एवढा खटाटोप करून आत निघतात ओंजळभर मासे. कुणी प्रेमाने "या, ओढून बघा" म्हटलं तर समजा नंतर पैसे मागणार. मी ओढलं, शंभर गेले. बरं झालं, हाताला फोड आला तेवढाच माल मिळाला.

दुसरा फटका रिक्षाचा. "पन्नास रुपयांत सगळं दाखवतो" म्हणाला, दोन ठिकाणं दाखवली आणि तीन एम्पोरियममध्ये नेलं, तिथे कमिशन असतं म्हणे. आई शालीपाशी अडकली, कशीबशी सोडवली. सायकल भाड्याने घ्या नाहीतर सरळ चाला, फोर्ट कोची ते मट्टनचेरी तीनेक किलोमीटर असेल आणि वाटेत बाजार रोडवर सुंठ-मिऱ्याच्या वखारींचा वास घेत जाता येतं. मसाले ज्यू टाऊनच्या शोभेच्या दुकानांत घेऊ नका, थोडं पुढे जिथे स्थानिक बायका घेतात तिथे घ्या.

मट्टनचेरीत चेरलाय भागात तिरुमला देवस्वमचं देऊळ आहे, तिथे नक्की जा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे वसले, अजून घरात कोंकणी बोलतात. आई मूळची मालवणची, देवळाबाहेर एका आजींशी ती मालवणीत आणि आजी कोंकणीत, अर्धा तास! मी नुसता चपला सांभाळत उभा.

खायचं तर दुपारी "मील्स" लिहिलेल्या साध्या हॉटेलात, जाडा लालसर भात, सांबार, रसम, तोरन म्हणजे खोबरं घातलेली कोरडी भाजी, ताक, भात पुन्हा वाढतात. सकाळी पुट्टू-कडला म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ, चारला पळमपोरी म्हणजे केळ्याची भजी आणि चाया. बीचसमोरचे मेन्यूकार्डवाले कॅफे टाळा. आणि टेबलावर गुलाबी कोमट पाणी ठेवतील, आई म्हणाली पाइप गंजलाय. गंज नाही, पतिमुगम नावाचं लाकूड टाकून उकळलेलं असतं, बिनधास्त प्या, आमचे चार दिवसांचे बिसलेरीचे पैसे वाचले.

शेवटची बोट किती वाजता ते जेट्टीवर विचारून ठेवा, परतीची गाडी रात्रीची असेल तर जास्तच. केळ्याचे वेफर्स एर्नाकुलमला स्टेशनजवळ खोबरेल तेलात समोर तळून देतात, वजनावर, तिथेच घ्या, आणि किलोभर घ्या, आमचं अर्धा किलोचं पाकीट रत्नागिरी यायच्या आत संपलं होतं.